फितूर नेमका कोण?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत बालमित्रांच्या दोस्तीवर उभ्या राहणाऱ्या गुन्हेकथांवर लेख आला होता. आवडला. मीही या कथांची जुनी गिऱ्हाईक. एका बाकावर बसलेली दोन पोरं, मोठेपणी एक सरळ मार्गाला आणि एक आडवाटेला, मध्ये दोघांनाच ठाऊक असलेलं एक गुपित, एवढं दिसलं की पुस्तक खाली ठेववत नाही. तक्रार आहे ती एका शब्दाबद्दल. 'शेवटी फितूर होणारा मित्र' असा उल्लेख त्या लेखात तीनदा आहे.

मी फौजदारी न्यायालयात लघुलेखक होते. तिथे हा शब्द बरोबर उलटा चालतो. पोलिसांना मित्राविरुद्ध जबाब दिलेला माणूस साक्षीच्या वेळी 'मला काही आठवत नाही' म्हणू लागला, म्हणजे मित्राला वाचवू लागला, की म्हणतात साक्षीदार फितूर झाला. आणि बाहेर ज्याला फितूर म्हणून लोक तोंड फिरवतात, तो आत माफीचा साक्षीदार असतो, म्हणजे माफीच्या बदल्यात साथीदारांविरुद्ध साक्ष देणारा आरोपी. भाषेनं एवढा ऐवज आयता हातात दिलाय आणि आपले लेखक तो उघडूनही बघत नाहीत.

त्याऐवजी ठरलेला प्रसंग येतो. दोन खोल्या, एकीत हा, दुसरीत तो, आणि अधिकारी दोघांनाही सांगतो की 'दुसऱ्यानं तोंड उघडलंय'. हे कोडं गणितातलं आहे. 1950 साली अमेरिकेतल्या रँड या संस्थेत मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी ते मांडलं, आल्बर्ट टकर यांनी त्याला कैद्यांची गोष्ट चिकटवली. दोघंही गप्प राहिले तर दोघांचं भलं, पण प्रत्येकाचा सुटा हिशेब सांगतो की बोलून मोकळा हो. कोडं म्हणून सुरेख. पण त्यात दोघांना भूतकाळ नाही. आठवीत असताना माझ्या वाटचा मार यानं खाल्ला होता, आणि ते त्यानं नंतर कधी बोलूनही दाखवलं नाही, ही बाब त्या कोड्याच्या तक्त्यात कुठल्या चौकटीत भरायची? कादंबरीकाराचं काम तिथे सुरू होतं. बहुतेकांचं तिथे संपतं.

दिलेल्या जुन्या शब्दाचं ओझं काय असतं, ते द्रोण-द्रुपदाच्या गोष्टीत पाहावं. आश्रमात बरोबर शिकताना दिलेला शब्द एक जण विसरला, दुसरा विसरू शकला नाही. राजा झालेल्या द्रुपदानं सांगितलं की मैत्री बरोबरीच्यांत होते. द्रोणानं शिष्यांकरवी त्याला बांधून आणवलं, अर्धं राज्य घेतलं, अर्धं परत दिलं आणि म्हणाला, आता आपण बरोबरीचे. हे सूडाचं बोलणं की अजून मैत्रीच मागणं? इतक्या वर्षांत माझं काही ठरलेलं नाही. पोरवयातली शपथ हातावर चरा पाडून रक्तानं घेतली की निष्ठा सिद्ध झाली, असं मानणाऱ्या लेखकांनी हा प्रसंग एकदा सावकाश वाचावा.

आणि माफीच्या साक्षीदाराला इतकं स्वस्तात खलनायक करू नये. कथांत तो सही करतो आणि दुसऱ्या दिवशी मोकळा फिरतो. प्रत्यक्षात आधीच जामिनावर नसेल, तर खटला संपेपर्यंत तो कोठडीतच राहतो. माफी मिळते ती सगळं खरं आणि पूर्ण सांगण्याच्या अटीवर. काही दडवलं तर माफी जाते आणि त्याच गुन्ह्याचा खटला अंगावर येतो. शिवाय एवढं करूनही कोर्ट त्याच्या एकट्याच्या शब्दावर सहसा विसंबत नाही, दुसरीकडून पुष्टी शोधतं. म्हणजे मित्र गेला, आणि ज्यांच्यासाठी गेला त्यांचाही पुरता विश्वास नाही. याहून एकटं पात्र लेखकाला आणखी कुठे मिळणार?

लपवणाऱ्या मित्राचीही तीच गत. गुन्हेगाराला आसरा देणं हा गुन्हा आहे, पूर्वी दंड संहितेचं कलम 212, आता न्याय संहितेचं 249. त्यातून सूट फक्त पती किंवा पत्नीला. आईलाही नाही, मग मित्राची काय कथा! मध्यरात्री दार वाजतं, दारात तो उभा. आत बायको-मुलं झोपलेली. कडी काढायला हात जातो तेवढ्या वेळात चांगला लेखक वीस पानं लिहील. आमचे लेखक एका वाक्यात दार उघडतात आणि थेट पाठलागावर येतात. पाठलाग मी हल्ली वाचतच नाही, पानं उलटते.

एक साक्ष अजून डोळ्यांसमोर आहे. माफीचा साक्षीदार सगळं सांगत होता, पण आरोपीचा उल्लेख दर वेळी 'बाळ्या' असा. न्यायाधीश म्हणाले, पूर्ण नाव सांगा. तो गोंधळला. पहिलं नाव आलं, आडनाव काही केल्या आठवेना; इतक्या वर्षांत कधी लागलंच नसावं. समोर मात्र तो बघत नव्हता. कोर्ट थांबलं. मग आरोपीच्या पिंजऱ्यातूनच हळू आवाजात आडनाव आलं. न्यायाधीशांनी आरोपीला मध्ये बोलल्याबद्दल दटावलं आणि मला म्हणाले, घ्या लिहून.

आपली,
एक निवृत्त लघुलेखिका