हॉटनच्या डेव्हीकाकांना पत्र

आदरणीय बॉब डेव्हीकाका,
सप्रेम नमस्कार.

२०२१ मध्ये तुम्ही गेलात. समोर बसून आभार मानायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

इंग्लंडच्या नॉरफक परगण्यातल्या हॉटन-ऑन-द-हिलचं सेंट मेरी चर्च पाहायला लोक लांबून येतात ते अकराव्या शतकाच्या अखेरीच्या भित्तिचित्रांसाठी. मला मात्र तुमचे आभार मानायचे आहेत ते चित्रं सापडण्याआधीच्या वर्षांसाठी. १९९२ मध्ये तुमच्या पत्नी ग्लोरियाकाकू पायी फिरायला गेल्या आणि झाडीत त्यांना हे चर्च दिसलं. छप्पर गेलेलं, मनोरा आयव्हीच्या वेलींनी पार झाकलेला, आसपासचं गाव कधीच उठून गेलेलं. त्यात सैतानाची पूजा करणाऱ्यांनी आत ठाण मांडलेलं. तुम्ही निवृत्त, साठी उलटलेली. घरी निवांत बसला असतात तर कोणी नावं ठेवली नसती. तुम्ही वेली काढायला घेतल्या, आत पोचायला रस्ता केला, छपरासाठी खटपट केली. धमक्या आल्या, तरी राखण सोडली नाहीत. तेव्हा हाती लागण्यासारखं तिथे काहीच दिसत नव्हतं, आणि तरी तुम्ही हे सगळं केलंत. मला याचंच फार अप्रूप वाटतं.

मग १९९६ मध्ये गिलावा सुटला आणि आतून रंग डोकावले. इथेही तुमचे मनापासून आभार, कारण काम जाणकारांच्या हाती गेलं. आमच्याकडे जीर्णोद्धार म्हटलं की कितीतरी जुन्या देवळांच्या कोरीव दगडांवर ऑइलपेंट चढतो. ते बघून पोटात तुटतं. हॉटनला चित्रं जेवढी उरली तेवढीच जपली आहेत. नव्याने रंगवून पुरी केलेली नाहीत.

गाभाऱ्याकडच्या कमानीत रोमन काळातल्या विटा पुन्हा वापरल्या आहेत. त्या कमानीच्या वर, एकात एक गुंतलेल्या तीन वलयांत पिता, म्हणजे देव, बसला आहे आणि त्याने क्रुसावरचा पुत्र येशू दोन्ही हातांनी पुढे धरला आहे. लाल रंग फिका झालाय, काही भाग गेलाय. तरी ते धरलेले हात कळतात. मी ख्रिस्ती नाही, पण तिथून माझा पाय निघेना. उत्तरेच्या भिंतीवर बायबलमधली पहिली स्त्री ईव्ह, तिचा जन्म आहे. तिथे नजर जरा स्थिरावू द्यावी लागते, मग आकृती उमटते.

तुम्ही आल्यागेल्याला सगळं हौसेने दाखवायचात, असं ऐकलं होतं. आता ते काम स्वयंसेवक करतात, आणि तुमचं नाव घेतल्याशिवाय त्यांचं बोलणं सुरू होत नाही. त्यांचेही आभार. आणि ग्लोरियाकाकूंचे तर खासच. झाडीतला तो मनोरा पाहून त्या तशाच पुढे गेल्या नाहीत.

आपली कृतज्ञ,
एक मराठी पाहुणी