पाणी मागून आलं

प्रिय मित्रा,

आठ महिने पत्र नाही. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच, नसतील तर आधी त्या देऊन घे. मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, साखर ताब्यात, बाकी तुझ्या वहिनीच्या मते कान सोयीपुरतेच ऐकतात. झालं तब्येतीचं.

लिहायला बसलो ते होडीपायी. इंजिन बदललं. हो, तेच. तू नको म्हणाला होतास, मी तुला जुनाट म्हणालो होतो आणि मग आपण तीन दिवस बोललो नव्हतो. आता हसून घे.

आपलं जुनं 15 हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक 36 किलोंचं, मी खांद्यावर टाकून न्यायचो. नवं फोर-स्ट्रोक, ताकद तेवढीच, वजन 52. टू-स्ट्रोकला व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, तेलाची वेगळी टाकी नाही, तेल पेट्रोलमध्येच. फोर-स्ट्रोकला हा सगळा संसार अंगावर वागवावा लागतो. पण धूर नाही, कानठळ्या नाहीत, पेट्रोलही कमी पितं. मी हुरळलो. सोळा किलो म्हणजे काय, बालवाडीतलं पोर!

तिसऱ्या दिवशी भरधाव जाता जाता एकदम थ्रॉटल सोडला. होडी थांबली, पण तिच्याच मागची लाट कशाला थांबतेय? ती आली आणि इंजिन बसवायला जिथे मागची फळी खाली कापलीय, तिथून सरळ आत. बादलीभर असेल. म्हटलं, चूक माझी, हळू सोडायला हवा होता. वल्ह्याजवळची कळशी घेऊन उपसलं, इंजिन बंद करून निवांत बसलो. पाच मिनिटांनी पायांना पुन्हा गार लागलं.

ती दोन भोकं आठवतात? आतलं पाणी आपोआप बाहेर जावं म्हणून तू मागच्या फळीला पाडायला लावलेली? "होडीला स्वतःच्या हाताने भोकं पाडणारा तू पहिलाच," असं मी चारचौघांत म्हणालो होतो. त्याच भोकांतून पाणी उलटं आत येत होतं. आत आलेलं पाणी जमतं कुठे, तर मागेच. मागे जमलं की मागचा भाग आणखी बुडतो, भोकं आणखी खाली जातात, पाणी आणखी जोरात येतं. उपसतोय, येतंय. शेवटी पुढे जाऊन बसलो तर थांबलं. पुढे बसून होडी चालवायची कशी, ते मात्र सुचेना.

मेकॅनिकला बोलावलं. तो फळी गळतेय म्हणाला आणि सिलिकॉन फासून गेला. होडी रात्रभर रिकामी बांधलेली असते तेव्हा ठणठणीत कोरडी, मी मागे बसलो की ओली. ही कसली गळती?

मग रात्री तुझ्यासारखा कागद घेतला. आपली होडी तशी पेटीसारखीच, म्हणून 4 मीटर बाय 1.4 चा सरळ चौकोन धरला. म्हणजे 5.6 चौरस मीटर. ती एक सेंटीमीटर खाली जायला 56 लिटर पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणजे 56 किलो वजन. सोळा किलो बरोबर मध्यावर ठेवले तर ती जेमतेम 3 मिलीमीटर बुडते. काहीच नाही! पण तेच सोळा किलो अगदी टोकाला टांगले तर ते टोक चौपट बुडतं, 11-12 मिलीमीटर, आणि नाळ, म्हणजे पुढचं टोक, दुसरीकडे सहाएक मिलीमीटर उचलते. भोकं पाण्यापासून होती करंगळीच्या जाडीएवढी वर. संपलं.

इथवर तुझा विजय. पण एक गोष्ट टोचत होती. गेल्या वर्षी जुनंच इंजिन असताना, तू गेल्यावर, फळी अधूनमधून ओली असायची. मी पावसावर ढकललं होतं. म्हणून पुन्हा हिशेब केला, या वेळी तुला धरून. वजन 80 (तक्रार नको), बसायची जागा तीच, मध्यापासून 1.2 मीटर पुढे, जिथून तू मला "डावीकडे, अरे डावीकडे" ओरडायचास. तुझ्यामुळे होडी एकंदर 14 मिलीमीटर बुडते, पण मागचं टोक 11 ने वर येतं. अकरा! सोळा किलोंचं जे, तेच. मी तीनदा मांडलं. इतकी वर्षं मला वाटायचं तू पुढे नुसता हवा खात बसतोस.

सध्या काय केलंय ते सांगतो, चुकत असेन तर ओरड. पेट्रोलची टाकी, भरलेली वीस किलो तरी असेल, माझ्या पायांशी होती ती मध्यावर सरकवली. नळी लांब घ्यावी लागली, पण मागचं टोक साडेआठ मिलीमीटर उचललं. पुढे वाळूचं पोतं ठेवणार होतो, तेवढ्यात डोक्यात आलं, होडी भरलीच तर वाळू तिला तळाला नेईल. म्हणून वीस-वीस लिटरचे दोन कॅन पाण्याने भरून अगदी नाळेत बांधले. पाण्यात बुडालेल्या पाण्याचं ओझं होत नाही. बांधलेत करकचून, लाटेवर मागे घसरले तर मेलोच. तर तुझी जागा आता 40 लिटर पाण्याने घेतलीय. ते बडबडत नाही एवढाच फरक.

भोकं पाण्याच्या वर आलीत, जेमतेम. पण मागून लाट आली की आता नाळ पाण्यात खुपसते आणि होडी लाटेला आडवी व्हायला बघते. परवा फार नकोसं वाटलं. एक काढलं की दुसरं. नवं इंजिन काढून टाकू का? तुझ्याशिवाय हे कोणाला विचारू, दादाला? तो म्हणेल होडीच विक. जुनं मागच्या खोलीत स्टँडवर आहे, विकलेलं नाही. तू बजावलं होतंस म्हणून नव्हे, गिऱ्हाईक आलं नाही म्हणून.

तुझी पाठ कशी आहे? नवं घर लागलं का? थोरलीचा निकाल लागला असेल, तिला शाबासकी सांग.

येशील तेव्हा आधी कळव, कॅन रिकामे करायला हवेत. आणि खरं वजन लिही. सगळा हिशेब 80 वर बेतलाय.

तुझा,
(ज्याला तू कधीच कप्तान म्हणाला नाहीस तो)