फक्त व्हॉल्ट शिकवा, असं सांगणाऱ्या पालकांसाठी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘पोराला फक्त व्हॉल्ट (धावत येऊन टेबलावर हात टेकून मारायची उडी) शिकवा, पदक लवकर मिळतं,’ असा आग्रह धरणारे पालक अलीकडे वाढलेत. जिम्नॅस्टिक्स शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला याची काळजी वाटते. या पालकांनी जपानच्या कोहेई उचिमुराची कारकीर्द जरूर पाहावी.

फ्लोअर, पॉमेल हॉर्स (मुठी लावलेला घोडा), रिंग्ज, व्हॉल्ट, पॅरलल बार, हाय बार (उंच आडवा दांडा) या सहाही साधनांचे गुण जिथे एकत्र धरतात, त्या ऑल-अराउंड प्रकारात २००९ ते २०१६ या काळात त्याला कुणी हरवू शकलं नाही. सहा जागतिक विजेतेपदं आणि लंडन, रिओ ही दोन ऑलिंपिक सुवर्णं! त्याआधी २००८ साली बीजिंगमध्ये एकोणीस वर्षांचा हा मुलगा पॉमेल हॉर्सवरून दोनदा पडला होता. तरी उरलेल्या साधनांवर सावरत त्याने रौप्य घेतलं. एकाच साधनावर भिस्त असती, तर तो तिथेच संपला असता.

रिओचा शेवट तर मी मुलांना मुद्दाम दाखवतो. पाच साधनं झाली तेव्हा युक्रेनचा ओलेग व्हेर्नियायेव ०.९०१ गुणांनी पुढे होता. उरला फक्त हाय बार. उचिमुरा बार सोडून हवेत फिरला आणि खाली आला तो दोन्ही पाय गादीत रोवूनच, पाऊल तसूभरही हललं नाही. १५.८०० गुण! व्हेर्नियायेवला १४.८०० मिळाले आणि सुवर्ण ०.०९९ ने उचिमुराकडे गेलं. पंचांनी झुकतं माप दिलं का, असं पत्रकारांनी छेडलं, तेव्हा खुद्द व्हेर्नियायेवनेच तो प्रश्न निरर्थक ठरवला. मला तो क्षण पदकाइतकाच मोठा वाटतो.

पुढे २०१७ साली माँट्रियलला व्हॉल्टवर घोटा दुखावला आणि विजयाची मालिका तुटली. खांदेही साथ देईनात, म्हणून टोकियो ऑलिंपिकला तो एकट्या हाय बारवर उतरला आणि पात्रता फेरीतच पडला. पण एका साधनावर येण्याआधी सहाही साधनांवर वर्षानुवर्षं राबून झालं होतं. दहा वर्षांच्या पोराला आपण ती संधीच नाकारतोय.

आपल्याकडे स्पर्धेच्या बातमीत ‘अमुकला दोन सुवर्ण’ एवढंच येतं. शालेय स्पर्धांचे निकाल देताना ऑल-अराउंड विजेत्याचं नाव सर्वांत वर द्यावं आणि शेजारी त्याचे सहाही साधनांवरचे गुण छापावेत, ही कळकळीची विनंती.

— एक जिम्नॅस्टिक्स प्रशिक्षक, सांगली