त्या दिवाळीतला पाना

नाशिक,
रविवार

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

काल रात्री एनसीसीच्या मुलांना घेऊन ओझरच्या हवाई दलाच्या तळावरून परतले. आठ दिवस मुक्काम तिथेच होता. कंट्रोल टॉवर, पॅराशूटच्या घड्या घालायची खोली, अग्निशामक गाड्या, सगळं झालं. दुरुस्तीसाठी उघडलेलं सुखोई-३० समोर आलं तेव्हा मुलांची बडबड आपोआप थांबली.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. रोज सकाळी एफओडी वॉक, म्हणजे विमानांच्या वाटेतला सुटा कचरा वेचायची फेरी, असायची. सगळ्यांनी आडव्या रांगेत उभं राहायचं आणि मान खाली घालून काँक्रीटवरून सावकाश चालायचं. खडा, स्क्रू, तारेचा तुकडा, दिसेल ते वेचायचं. जेट इंजिन हवेबरोबर तेही आत ओढतं आणि कॉम्प्रेसरची पाती जायबंदी होतात. विमानात बसायला मिळेल म्हणून आलेली पोरं पहिल्या दिवशी हिरमुसली. तिसऱ्या दिवशी एकीला चिंचोक्याएवढा खडा सापडला. आठवण म्हणून खिशात टाकणार, तोच वॉरंट ऑफिसर म्हणाले, "डब्यात टाक बेटा. खिशातून पडला तर पुन्हा इथेच."

नंतर त्यांनी हत्यारांचा बोर्ड दाखवला. प्रत्येक पान्याची, पकडीची आकृती रंगवलेली. संध्याकाळी एक जरी आकृती रिकामी राहिली, तरी ते हत्यार सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत.

बाबा, मी तिथेच थबकले. मी चौथीत होते. लक्ष्मीपूजनाला तुम्ही विमानाच्या दुरुस्तीवरून रात्री साडेअकराला घरी आलात, आणि "पाना सापडत नव्हता" एवढंच बोललात. आकाशकंदील लागला नाही म्हणून मी रडले. आई, तू तर दोन दिवस अबोला धरलास. एका पान्यासाठी कोण सणाचं घर सोडतं, असं आपल्याला वाटलं होतं. तो पाना ज्या मिग-२१ मध्ये राहिला असता, त्यात कुणाचा तरी मुलगा बसणार होता, हे तुम्ही आम्हाला कधी का सांगितलं नाहीत?

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला, तेव्हा तुम्ही टीव्ही बंद करून मळ्यात निघून गेलात. मी मागून यायला हवं होतं. चुकलं माझं.

पुढच्या शनिवारी येते. आई, बाजरीची भाकरी आणि ठेचा कर. आणि बाबा, तो पाना त्या रात्री शेवटी सापडला कुठे? मुलं विचारताहेत.

तुमची,
मंजू