केरळच्या सायलेंट व्हॅलीतल्या आमच्या गाईड चेट्टांना

चेट्टा, म्हणजे आमच्या मराठीत दादा, नमस्कार.

ओळखलंत का? मार्चमध्ये आलो होतो, पुण्याची मुलगी आणि पांढऱ्या टोपीतले तिचे बाबा, जीपमधून उतरताना त्यांनी तुमचा हात धरला तो मुक्कालीला परत येईपर्यंत सोडलाच नाही. मराठीतच लिहितेय, मनातलं नीट याच भाषेत येतं माझ्या. ऑफिसातला पालक्काडचा मित्र फोनवर तुम्हाला मल्याळममध्ये सांगणार आहे.

त्या दिवशी बोलायचं राहिलं ते आधी सांगते. बाबा शाळेत भूगोल शिकवायचे आणि सायलेंट व्हॅली म्हणजे त्यांचा जीव की प्राण. कुंतीपुळा नदीवर धरण होणार होतं, मग केरळ शास्त्र साहित्य परिषद ही विज्ञान संघटना, कवयित्री सुगतकुमारी, सलीम अली असे कितीतरी जण जंगलासाठी उभे राहिले, शेवटी प्रकल्प रद्द झाला आणि १९८४ मध्ये नॅशनल पार्क जाहीर झालं, हे सगळं ते दरवर्षी वर्गात सांगायचे, पुस्तकात असो नसो. पण स्वतः कधी गेले नाहीत. आधी घरखर्च, मग आईचं आजारपण, आणि आता वेळ मिळाला तर काचबिंदूने नजर जवळजवळ गेलेली. दिसत नाही त्यांना जंगल दाखवायला कशाला नेतेस, असं एकदोघांनी तोंडावर विचारलं होतं मला. ते फार लागलं होतं.

तुम्ही मात्र मला काहीच विचारलं नाहीत. मुक्कालीपासून सैरंध्रीपर्यंतच्या त्या २३ किलोमीटरमध्ये जीप थांबली की बाकीचे मोबाइल काढायचे आणि तुम्ही बाबांच्या कानाशी. तुम्ही मलयण्णान म्हणालात, मी म्हटलं अहो हे तर आमचं शेकरू! बाबांनी लगेच विचारलं, रंग कसा, कारण भीमाशंकरचं तांबूस असतं. पाठ काळी, पोट पिवळसर, शेपूट लांब काळी, असं तुम्ही तुमच्या मोडक्या हिंदीत इतकं नीट सांगितलंत की बाबा म्हणाले, कळलं, दिसलं.

आणि ते वेडीप्लावूचं झाड. प्लावू म्हणजे फणस, हे तुमच्याकडूनच कळलं. खाली पडलेली फुलं तुम्ही बाबांच्या ओंजळीत दिलीत आणि सांगितलंत की ही फुलं फांदीलाच चिकटून येतात आणि सिंहवालन, म्हणजे सिंहासारख्या शेपटीची माकडं, या दिवसांत यांच्यावरच असतात, नंतर त्याच झाडाच्या बिया खातात. मग एकदम तुम्ही बाबांचा हात दाबलात. वर टपटप फुलं पडत होती, फांद्या वाकून सुटल्याचा आवाज येत होता, आणि तुम्ही हळू आवाजात सांगत होतात, उजवीकडे, आता वरच्या फांदीवर, पिल्लू पोटाला धरलंय, आता पलीकडे गेली. मला काळ्या चेहऱ्याभोवतीची ती करडी आयाळ दिसली, शेपटीचा गोंडाही दिसला, पण खरं सांगू, मी जास्त वेळ बाबांकडेच बघत होते. तोंड उघडं, मान वर, आणि आवाज जाईल तिकडे चेहरा वळत होता. जगात फक्त पश्चिम घाटात राहणारा हा प्राणी, त्याच्याबद्दल माणसाने जन्मभर फळ्यावर लिहिलं, आणि तो अखेर त्याच्या डोक्यावर होता.

निघताना फूल खिशात ठेवू का, असं बाबांनी विचारलं तर तुम्ही नाही म्हणालात, जंगलातलं जंगलात. ते बाबांना फार आवडलं. वाकून, चाचपडत त्यांनी ते झाडाच्या मुळाशी परत ठेवलं.

वॉचटॉवरवर मी एकटीच चढले, तुम्ही खाली त्यांच्याजवळ बसलात. वरून हिरवं इतकं लांबपर्यंत पसरलेलं होतं की कुठे काही तुटलेलं दिसत नव्हतं. खाली आले तर बाबा तुम्हाला द्रौपदीचं सैरंध्री नाव आणि विराटाच्या घरचा अज्ञातवास सांगत होते आणि तुम्ही पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे ऐकत होतात, रोज शंभर जणांना सांगत असाल तरी. रातकिडे नाहीत म्हणून सायलेंट म्हणतात, असं तुम्ही सांगितलंत, तर बाबा म्हणाले, मला तर इथे खूप ऐकू आलं.

तुम्ही जास्तीचे पैसे घेतले नाहीत, म्हणून निदान हे पत्र. नंदी, चेट्टा, तुमच्या भाषेतलं धन्यवाद. मनापासून.

आणि बाबांनी एक विचारायला सांगितलंय. वेडीप्लावूची फळं नेमकी कुठल्या महिन्यात खाली पडतात? काटेरी असतात असं तुम्ही म्हणाला होतात, त्यांना ती हातात घेऊन बघायचीत. पाऊस असेल, जळवा असतील, तरी चालेल म्हणतायत.