दोन-तीन वर्षांच्या मुलांनाही रविवारचा अर्धा तास द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

माझी मुलगी येत्या चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या सुमारास तीन वर्षांची होईल. आम्ही नवरा-बायको दोघेही नोकरी करतो आणि पणजीत सांताइनेजला फ्लॅटमध्ये राहतो. सोमवार ते शुक्रवार ती पाळणाघरात असते, शनिवार-रविवार मात्र पूर्ण तिचे. उद्या हिला कुठे न्यायचे, हा प्रश्न दर शुक्रवारी रात्री आमच्यापुढे उभा असतो. मिरामारची रेती आहे, कांपालची बाग आहे, बेतीला जाणारी फेरीबोट आहे. फेरीबोटीत ती कठड्याशी उभी राहून पाण्याशी बोलत असते, त्यामुळे आम्ही काम नसतानाही मांडवी ओलांडून परत येतो. पण जिथे ती आपल्या भाषेतली गोष्ट ऐकेल, एखादे वाद्य हात लावून बघेल, चार मुलांबरोबर फेर धरेल, असे दीड ते चार वर्षांच्या मुलांसाठीचे ठिकाण मला अजून सापडलेले नाही.

चौकशी खूप केली. नाच, चित्रकला, तबला, नाटक, जिथे विचारावे तिथे 'पाच पूर्ण झाली की या' हेच उत्तर. शिकवण्याच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. पण मला तिला काही शिकवायचे नाही, तिच्या कानांवर आणि डोळ्यांवर आपले काहीतरी पडावे एवढेच वाटते. गेल्या वर्षी एका बालनाट्याला आम्ही तिकिटे काढून गेलो. दाराशी स्वयंसेवकाने थांबवले, 'एवढ्या लहानांना आत नको, रडतात.' तिला मोठ्या हौसेने परकर-पोलके नेसवले होते. आत तबला वाजू लागला, तो ऐकून ती दाराकडे धावली, आणि मला तिला उचलून खाली पार्किंगमध्ये आणावे लागले. घरी पोहोचेपर्यंत ती 'आत, आत' म्हणत होती. मग मुलांचा एक मोठा कार्यक्रम उघड्यावर आहे म्हणून नेले, तर वेळ सहाची. दीपप्रज्वलन, भाषणे, सत्कार होईतो साडेसात वाजले आणि ती माझ्या खांद्यावर झोपली होती. शिगम्याच्या, म्हणजे आमच्या होळीच्या मिरवणुकीतही तसेच. घोडेमोडणी या लोकनृत्यातले लाकडी घोडे येईपर्यंत तिची झोपेची वेळ टळून जाते, आणि ध्वनिक्षेपकांचा आवाज एवढा की ती दोन्ही हातांनी कान झाकते.

माझे माहेर पेडण्याचे. जत्रेला देवळासमोर काला, म्हणजे दशावतारी नाटक व्हायचे तेव्हा आम्ही सगळी पोरे पुढे चटईवर. तीन वर्षांचा भाऊ आईच्या मांडीवर झोपलेला असायचा आणि त्यातला संकासुर राक्षस आला की कोणीतरी त्याला हलवून उठवायचे. त्याला कधी कोणी बाहेर काढले नाही. रडला तर आई उठून थोडे फिरवून आणायची, एवढेच. गावात कार्यक्रमाला वयाची अट नव्हती, म्हणून आपले गाणे-वाजवणे आम्हाला कधी कोणी मुद्दाम 'दाखवावे' लागले नाही. शहरात तेच मुद्दाम घडवून आणावे लागणार, हे मला आई झाल्यावर कळले.

गेल्या चवथीला आम्ही सासरी माशेलला होतो. संध्याकाळी आरतीला घुमट हे मातीच्या घड्याचे वाद्य, शामेळ हा ढोल आणि कासाळे ही झांज सुरू झाली. मला वाटले ही घाबरेल. ती दोन आरत्या होईपर्यंत माझ्या साडीत तोंड लपवून होती, मग हळूहळू सरकत घुमट वाजवणाऱ्या काकांच्या गुडघ्याला जाऊन टेकली. आरती संपल्यावर त्यांनी घुमट तिच्यापुढे धरले. एका तोंडाला कातडे, दुसरे छोटे तोंड उघडे. काकांनी कातड्यावर थाप मारली आणि तिचा तळवा त्या उघड्या तोंडावर ठेवला. तळव्याला वारा लागला तशी ती दचकली, मग हसली. हात ठेवला की आवाज दबतो, काढला की मोकळा होतो, हे तिला तिथल्या तिथे कळले. पुढे आठवडाभर घरातली प्रत्येक घागर आणि तांब्या तिने तसाच वाजवून पाहिला. त्याच घुमटाला २०१९ साली राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान मिळाला. पूर्वी त्याला घोरपडीचे कातडे लावत, वन्यजीव कायद्याने ते बंद झाले आणि आता बकऱ्याचे लावतात. हे सगळे ती मोठी झाल्यावर वाचेल. तळव्याला लागलेला वारा मात्र ती पाच पूर्ण होण्याची वाट पाहत थांबला नाही.

या वयाचे मूल खुर्चीत बसून रंगमंच बघत नाही. ते उठते, जवळ जाते, हात लावते, पाच मिनिटांनी पाठ फिरवते आणि परत येते. तीच गोष्ट दहादा ऐकली तरी त्याला अकराव्यांदा हवी असते. म्हणून या मुलांसाठी रंगमंच नको, माइक नको, पाहुणे नकोत. सतरंजी हवी, उघडे दार हवे, सकाळी साडेदहाची वेळ हवी, कारण बारा वाजता जेवण आणि मग झोप. अर्धा तास पुष्कळ झाला. जवळ स्वच्छतागृह आणि बाळाचे कपडे बदलायला एक टेबल असले तर आई-बाबा निश्चिंत बसतील. आणि दर रविवारी तीच जागा, तीच वेळ. वर्षातून एकदा होणाऱ्या महोत्सवापेक्षा या वयाला त्याच जागेची ओळख जास्त लागते.

जागा तर आपल्याकडे आहेतच. चर्चजवळच्या गार्सिया द ओर्ता उद्यानात बँडस्टँड आहे. तिथल्या झाडांच्या सावलीत सकाळी वीस मुले सहज बसतील. पाटो येथील कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयाचा इतिहास १८३२ पासूनचा, आणि तिथे मुलांसाठी वेगळा विभाग आहे. कांपालची कला अकादमी तर चार्ल्स कोरिया यांनी रस्त्यावरून चालत थेट नदीपर्यंत जाता यावे अशी मोकळी आखली. त्या सावलीत लहान मुले धावताना बघायला मला फार आवडेल. मडगावला, साखळीला, कुडचड्याला रवींद्र भवने आहेत. तिथल्या पालकांनाही हीच अडचण असणार.

माणसेही आहेत. आमच्या इमारतीत एक आज्जी आहेत, वय सत्तरच्या पुढे. धालो या बायकांच्या लोकनृत्याच्या ओव्या त्यांना तोंडपाठ, फुगडीचे प्रकार विचारा तितके. रविवारी सकाळी त्या गॅलरीत एकट्या बसलेल्या असतात. दोनदा त्यांनी माझ्या मुलीला मांडीवर घेऊन ओव्या म्हटल्या, आणि दुसऱ्या वेळी तिने शेवटचा शब्द त्यांच्याबरोबर ओढला. अशा आज्ज्या पणजीत घरोघरी असतील. एक घुमटकार, एक गोष्ट सांगणारी शिक्षिका, डिचोलीचा एखादा कुंभार मातीचा गोळा घेऊन. गोष्ट कोकणीत असो वा मराठीत, मुलाला दोन्ही आपल्याच वाटतात. कलाकारांना योग्य मानधन मात्र मिळालेच पाहिजे, लहान मुलांसाठी आहे म्हणून फुकट नको.

कला आणि संस्कृती संचालनालयाला आणि पणजी महानगरपालिकेला माझी विनंती आहे की चवथ उलटली की त्यांनी चार रविवार करून पाहावेत. नव्या इमारतीची गरज नाही, मोठा खर्चही नाही. आमच्या पाळणाघरातल्या अकरा पालकांनी यायचे कबूल केले आहे. सतरंज्या आम्ही आणू, पाण्याची सोय आम्ही करू, नंतर झाडूनही देऊ. आज्जींना मी विचारले आहे. सकाळी गुडघे बरे असतात, न्यायला कोणी आले तर येईन, असे त्या म्हणाल्या.

आपली,
एक आई
सांताइनेज, पणजी