मधलं नाव न गाळणाऱ्या हातांना

जुन्या नोंदवह्या उतरवून काढणाऱ्या स्वयंसेवकांनो,

सप्रेम नमस्कार.

इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या चर्चच्या वह्या असोत, की मुंबई इलाख्यातल्या गोऱ्या शिपायांच्या आणि रेल्वेवाल्यांच्या मुलांचे बाप्तिस्मे, तुमच्यातलं कुणी फ्रीरेग या चर्च-नोंदींच्या संकेतस्थळासाठी, तर कुणी फिबिस या ब्रिटिश भारतातल्या कुटुंबांचा शोध घेणाऱ्या संस्थेसाठी ते फिकट अक्षर लावत बसतं. त्या सगळ्या कष्टांतल्या एकाच गोष्टीबद्दल आज आभार मानायचे आहेत: तुम्ही मधलं नाव गाळलं नाहीत, आणि त्याचं एक अक्षर करून मोकळे झाला नाहीत.

आपल्याकडे मधल्या जागी बापाचं नाव असतं, त्यामुळे आईकडचं काहीच कळत नाही. जुन्या इंग्रजी नोंदींत मात्र तीच जागा पुष्कळदा माहेर सांभाळून असते. अभियंता इसंबार्ड किंग्डम ब्रुनेल (जन्म १८०६) याची आई सोफिया किंग्डम. अमेरिकी अध्यक्षांमध्ये फ्रँकलिन डेलानो रूझवेल्ट, रिचर्ड मिलहाउस निक्सन, जॉन फिट्झजेराल्ड केनेडी या तिघांच्याही मधल्या नावात आईचं माहेरचं आडनाव सरळ बसलेलं आहे.

या खुणेवर इतकं अवलंबून का राहावं लागतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. १८१२ च्या कायद्याने इंग्लंडच्या चर्चना बाप्तिस्म्याचा छापील तक्ता दिला. त्यात तारीख, मुलाचं नाव, आईवडिलांची नावं, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा आणि विधी करणाऱ्या पाद्रीची सही असे रकाने होते. आईचं नुसतं ‘मेरी’ किंवा ‘अ‍ॅन’, पुढे नवऱ्याचं आडनाव. माहेरच्या आडनावाला रकानाच नाही. मुंबई इलाख्याच्या बाप्तिस्म्यांच्या ज्या नकला लंडनला जात, त्याही याच वळणाच्या. (आज त्या ब्रिटिश लायब्ररीत ‘एन ३’ या मालिकेत आहेत.) पुण्यात किंवा खडकीत जन्मलेल्या एखाद्या सार्जंटच्या मुलाचं आजोळ शोधायचं, तर कधीकधी मधलं नाव हा एकच धागा हाती लागतो. स्कॉटलंडचं बरं आहे. तिथे बाईला माहेरच्या आडनावाने नोंदवायची जुनी रीत होती, आणि १ जानेवारी १८५५ पासूनच्या सरकारी दाखल्यांत ते आडनाव मिळतंच. तिथे मधलं नाव एक पिढी आणखी मागे नेतं.

पण ही खूण फसवतेही, आणि कशी फसवते ते पाहायला मुंबईतलंच एक घर पुरे. जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ मध्ये जे. जे. कला शाळेत शिकवायला आले. लॉकवुड हे त्यांच्या आईचं माहेरचं आडनाव. त्याच वर्षी ३० डिसेंबरला त्यांना मुलगा झाला: जोसेफ रडयार्ड किपलिंग. जोसेफ हे आजोबांचं नाव. मग रडयार्ड नावाचं घराणं शोधायला निघावं, तर निघतं स्टॅफर्डशायरमधलं तळं, मुलाच्या आईवडिलांच्या ओळखीच्या दिवसांतलं. आईचं माहेर मॅकडोनाल्ड, आणि त्याचा मुलाच्या नावात मागमूस नाही. बापाच्या बाबतीत खरी ठरलेली युक्ती मुलाच्या बाबतीत सपशेल पडते.

म्हणून पडताळ्याचा क्रम सांभाळावा लागतो. आधी एकट्या मुलाकडे न बघता सगळी भावंडं एका कागदावर लिहून काढायची, तान्हेपणी गेलेलीसुद्धा. तेच आडनाव दोन-तीन भावंडांच्या मधे आलं, तर ते घराण्यातलं असण्याची शक्यता बरीच. एकाच्याच नावात असेल तर गॉडफादर, वडिलांचा मित्र, प्रसूती करणारा डॉक्टर किंवा नव्याने आलेला पाद्री आठवायचा. ब्रिटिश पंतप्रधान विल्यम ग्लॅडस्टनच्या (जन्म १८०९) नावातला ‘युअर्ट’ नात्याचा नव्हे, तो लिव्हरपूलचा व्यापारी आणि वडिलांचा स्नेही. ‘वेस्ली’ (धर्मोपदेशक), ‘नेल्सन’ (नौसेनापती), ‘वॉशिंग्टन’ दिसलं, तर आधी भक्ती किंवा देशप्रेम समजावं, आजोळ नंतर.

मग आडनाव किती दुर्मिळ आहे ते पाहायचं. मिलहाउससारखं असेल तर त्या परगण्यातली दहा-वीस लग्नं चाळून काम होतं. विल्सन, स्मिथ असेल तर नुसत्या नावावर काहीच उभं राहत नाही. जेम्स, थॉमस, हेन्री ही तर नावंही आहेत आणि आडनावंही.

त्यानंतर आईवडिलांचं लग्न. वधूचं आडनाव जुळलं तर झालंच. नाही जुळलं म्हणून सोडून देऊ नये, कारण नाव पिढी ओलांडून येतं. अमेरिकी अध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्सची (जन्म १७६७) आई स्मिथ घराण्यातली. क्विन्सी हे तिच्या आईचं माहेर. कॉनन डॉयलमधला ‘कॉनन’ वडिलांच्या आईकडून आलेला. म्हणजे दोन्ही आज्यांची माहेरं तपासल्याखेरीज ‘हे परकं नाव’ असा शेरा मारायचा नाही. आईचं आधी एक लग्न झालेलं असेल, तर वारलेल्या पहिल्या नवऱ्याचं आडनावही मुलाच्या नावात येऊ शकतं. शेवटी मृत्युपत्रं. निपुत्रिक मामाने इस्टेट भाच्याला दिली असेल, तर नावाचं कोडं तिथे सुटतं.

बापाचा रकाना कोरा असलेल्या मुलाच्या नावात मधे एखादं अनोळखी आडनाव दिसलं, की तो बहुधा आईने लिहून ठेवलेला बाप असतो. इंग्लंडच्या जनरल रजिस्टर ऑफिसच्या (सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाच्या) ऑनलाइन सूचीत आता १८३७ पासूनच्या जन्मांना आईचं माहेरचं आडनाव जोडलेलं आहे. तिथे त्या जागी नुसती रेघ असेल, तर हा संशय बळावतो. पण तो संशयच. पॅरिशच्या (चर्चच्या स्थानिक हद्दीच्या) पोटगीच्या कागदांत त्याच पुरुषाचं नाव सापडेपर्यंत वंशवृक्षात फांदी काढू नये.

आणि इथेच तुमचे खास आभार. ‘दिसेल तेच टंका’ हा तुमचा नियम बाहेरच्याला हेकट वाटतो. पण ‘केर’च्या शेवटी एकच ‘आर’ असेल तर तुम्ही दुसरा जोडत नाही, आणि अर्धवट वाचलेल्या अक्षराच्या जागी अंदाज न ठोकता खूण ठेवता. वळणदार हातातलं मोठं ‘टी’ आणि ‘एफ’, किंवा ‘आय’ आणि ‘जे’ वेगळं करणं किती जिकिरीचं असतं, ते मूळ पान पाहिल्यावर कळतं. एक चुकलेलं अक्षर पुढच्या माणसाला भलत्याच घराण्यात नेऊन सोडतं.

तुम्ही काही करू शकत नाही अशाही जागा आहेत. १९११ पासून पुढे बरीच वर्षं इंग्लंडच्या जुन्या सरकारी सूचीतच मधल्या नावाचं नुसतं आद्याक्षर छापलेलं आहे. तिथे बहुधा मूळ दाखला मागवावा लागतो. काही माणसं स्वतःच पुरावा पुसतात. लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या जन्मनावात (१८५०) आईकडचं ‘बॅल्फर’ होतं, तरुणपणी त्याने ते टाकून दिलं. त्यामुळे शोधाची सुरुवात पुस्तकावरच्या किंवा थडग्यावरच्या नावाने न करता बाप्तिस्म्याच्या नोंदीने करावी. अठराव्या शतकाआधीच्या इंग्लंडात मात्र सामान्य घरांत ही खूण शोधू नये, तिथे मधलं नावच क्वचित.

जाता जाता एक विनंती. मधलं नाव आणि आडनाव जोडून आलं, की काही सूच्यांत दोन्ही मिळून आडनावाच्या रकान्यात जातं, आणि मग साध्या शोधात ते सापडत नाही. शोधणाऱ्याने मधल्या नावालाच आडनाव मानून आणखी एक फेरी मारावी, हे आम्ही सांगत असतोच. तुमच्या टिपणाच्या चौकटीत ‘मूळ पानावर जोडरेघ नाही’ एवढी ओळ टाकता आली, तर ती फेरी वाचेल. आणि हो, परदेशातल्या मराठी मुलांच्या दाखल्यात मधे बापाचं नाव असतं. शंभर वर्षांनी कुणी त्यात आजोळ शोधू लागला, तर त्याला आवरायला तुमच्यासारखंच कुणीतरी लागेल.

आपले ऋणी,
वंशावळी धुंडाळणारे काही जण